गिरगावातल्या लाल फुग्यासाठी, पॅरिसहून

पॅरिस,
१४ सप्टेंबर

चि. ओंकार आणि चि. सई यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या चाळीत केलेली ‘लाल फुगा’ची तुमची अकरा मिनिटांची फिल्म मिळाली. मूळ फ्रेंच ‘लाल फुगा’ शेजारी लावून एकेक प्रसंग ताडून पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा शूटिंग करणार आहात असं ताईने कळवलं, म्हणून आत्ताच सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, पण फुगेवाल्याकडे जायच्या आधी ते पूर्ण वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. तुमचा फुगा ओंकारच्या मागे दोरीने ओढल्यासारखा येतो. मूळ दिग्दर्शक आल्बेर लामोरिसच्या १९५६ च्या फिल्ममध्ये फुग्याला स्वतःचं मन आहे. मुलगा हात पुढे करतो तेव्हा तो निसटतो, मुलाने पाठ फिरवली की हळूच मागे येतो, बाजारात आरशासमोर थांबून स्वतःला न्याहाळतो. आजूबाजूला सगळं खरं आहे, खरी गल्ली, खरी बस, आणि मुलगा म्हणजे दिग्दर्शकाचाच मुलगा पास्काल. म्हणून फुग्याने जिवंत वागलंच पाहिजे, नाहीतर गोष्टच उरत नाही. हे जिवंतपण उशिरात असतं. ओंकारने हाक मारली की फुग्याने अर्धा सेकंद, म्हणजे बारा-तेरा फ्रेम, जागचं हलू नये. मग यावं. सध्या तो हाकेच्या आधीच निघतो, कारण वरून ओढणाऱ्याला संवाद पाठ आहे.

फुगा असा थांबायचा असेल तर त्याचं वजन जुळवावं लागतं. एक लिटर हेलियम साधारण एक ग्रॅम वजन उचलतो. मुंबईच्या उकाड्यात हवा पातळ असते, त्यामुळे इथल्या थंड हवेपेक्षा किंचित कमीच. तुम्ही वापरलेला ३० सेंटिमीटरचा फुगा म्हणजे जेमतेम १४ लिटर. त्यातून रबराचे तीनेक ग्रॅम गेले आणि फुगा पूर्ण गोल नसतो हे धरलं, की हातात उरतात दहा ग्रॅम. पडद्यावरही तो लहान दिसतो. मूळ फुगा मुलाच्या डोक्यापेक्षा चांगला मोठा आहे. ४० सेंटिमीटरचा घ्या, त्यात ३३ लिटरच्या आसपास वायू मावतो. पुठ्ठ्याला ४० सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडून ठेवा आणि प्रत्येक फुगा त्यातून जेमतेम जाईल इतकाच फुगवा. तुमच्या फिल्ममध्ये जिन्यावरचा फुगा आणि गॅलरीतला फुगा वेगवेगळ्या मापाचे आहेत, ते लगेच कळतं. फुगे एकाच पाकिटातले घ्या, कारण पाकीट बदललं की लाल रंगाची छटाही बदलते.

वजनासाठी दोरीच्या टोकाला मातीच्या छोट्या गोळ्या लावा, मुलांची खेळायची तेलकट माती असते ती. कणीक नको, ती वाळते आणि तासाभरात हलकी होते. पंखा बंद करून, दारं लावून फुगा छातीच्या उंचीवर सोडा. वर गेला तर गोळी वाढवा, खाली आला तर चिमूटभर काढा. जागच्या जागी तरंगला की झालं. रबरातून हेलियम सतत झिरपतो, त्यामुळे हे जुळवणं दर अर्ध्या तासाने पुन्हा करावं लागतं. दुपारपर्यंत तो फुगा आळशी होतो, संध्याकाळी तर टाकूनच द्यायचा. उन्हात रबराची चकाकी जाऊन वर पांढुरकी साय येते, म्हणून शॉट लागेपर्यंत फुगा खोलीतच ठेवा. एका सकाळसाठी आठ-दहा फुगे हाताशी हवेत.

दोरा मासेमारीच्या सामानाच्या दुकानातला तंगूस, ०.१५ मिलिमीटर जाडीचा. दहा मीटरचं वजन पाव ग्रॅमही भरत नाही. दोन दोरे लागतील. एक फुग्याच्या माथ्यावर पारदर्शक चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने लावलेला, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून सईने बांबूच्या टोकावरून सांभाळायचा. दुसरा, फुग्याला लोंबणाऱ्या पांढऱ्या दोरीच्या टोकाला बांधलेला, खाली चौकात कोणीतरी बसून धरायचा. पांढरी दोरी मुळातच दिसणार असते, त्यामुळे तिच्याखालचा तंगूस नजरेत येत नाही. फक्त वरचा दोरा वापरायचा असेल तर फुगा किंचित जड ठेवा, फक्त खालचा असेल तर किंचित हलका. तंगूस मागून ऊन आलं की चमकतो. तुमच्या सहाव्या मिनिटाला तो स्पष्ट दिसतो. ऊन कॅमेऱ्याच्या पाठीशी असू द्या. तीन बाजूंनी गॅलऱ्या आणि मधे चौक, अशी सोय पॅरिसच्या त्या गल्ल्यांतही नव्हती, तिचा पुरेपूर उपयोग करा.

आता वायूबद्दल, आणि हे घरच्या मोठ्यांनाही वाचून दाखवा. रस्त्यावरचे काही फुगेवाले कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमपासून हायड्रोजन तयार करून भरतात. तोही फुगा उडवतो, पण ठिणगी लागली की भडकतो, आणि तुम्ही शूटिंग करणार दिवाळीत, पणत्या आणि फटाक्यांमध्ये. फक्त हेलियम, सिलिंडरवरचं नाव वाचून, दुकानातूनच. सिलिंडरची तोटी मोठ्या माणसाने उघडायची. आवाज बारीक करायला हेलियम कोणीही ओढायचा नाही, त्याने फुफ्फुसातला प्राणवायू हटतो आणि माणूस क्षणात कोसळू शकतो. चमकणारे फॉइलचे फुगे आणूच नका, त्यांच्या धातूच्या थरातून वीज वाहते. आणि चर्नी रोडच्या रुळांजवळ कुठलाच फुगा न्यायचा नाही, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात.

रंगाकडे वळते. लामोरिसचं सगळं मेनिलमाँताँ, म्हणजे पॅरिसची ती वस्ती, राखाडी आहे. भिंती, आकाश, मुलाचे कपडे, सगळं करडं-निळसर, आणि त्यात एकच लाल. तुमच्या फिल्ममध्ये मी लाल वस्तू मोजल्या. गॅसचा सिलिंडर, बेस्टची बस, पोस्टाची पेटी, दोन बादल्या, वाळत घातलेली साडी, आणि ओंकारचा स्वतःचा टी-शर्ट. फुगा त्यात हरवतो. फुग्याचा रंग बदलायचा विचार करू नका, चौकटीतला बाकीचा लाल काढा. सिलिंडरवर गोणपाट टाका, साड्यांसाठी शेजारच्या काकूंना आदल्या रात्री विनंती करा, ओंकारला शाळेचा पांढरा शर्ट आणि खाकी चड्डी द्या. चाळीचं जुनं लाकूड आणि चुन्याच्या भिंती तुमच्या बाजूनेच आहेत. मात्र दिवाळीत गॅलरीभर आकाशकंदील असणार, म्हणून बाहेरचे शॉट कंदील उतरल्यावरच घ्या. तोवर खोलीतले आणि जिन्यातले उरका. वेळ सकाळची, उजाडल्यापासून नऊपर्यंत. तेव्हा चौकात ऊन उतरलेलं नसतं आणि समुद्रावरचा वाराही सुटलेला नसतो.

फोनचे कॅमेरे लाल रंग भडक करतात आणि फुगा सपाट थाळीसारखा दिसतो. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) पाऊण स्टॉप खाली आणून लॉक करा, व्हाइट बॅलन्सही (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) लॉक करा. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलंत तर जिन्यातला ट्यूबलाइट लुकलुकणार नाही. चौकट १६:९ ची नको. मूळ फिल्मची चौकट ४:३ च्या आसपास आहे, आणि हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मुलगा खाली आणि फुगा वर अशी ही गोष्ट आहे, तिला उंची लागते. तुमच्या फिल्ममध्ये एकतर फुगा कापला जातो नाहीतर पाय. स्क्रीनवर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ४:३ ची चौकट आखा, नंतर रुंदीच्या १९२० पिक्सेलपैकी मधले १४४० ठेवा. कॅमेरा ओंकारच्या डोळ्यांच्या उंचीला.

संवाद बरेच कमी करा. मूळ फिल्म ३४ मिनिटांची आहे, तिच्यात बोलणं नावापुरतं आहे, आणि तरीही तिला ऑस्कर मिळालं ते मूळ पटकथेसाठी. “तू माझा मित्र आहेस ना?” हे वाक्य आधी काढा. आजी फुगा गॅलरीतून बाहेर ढकलते आणि तो तिथेच थांबतो, तेव्हा ते सांगून झालेलं असतं.

छत्र्यांचा प्रसंग तुम्ही गाळलात, तो घ्याच. मुलगा फुगा भिजू नये म्हणून अनोळखी माणसांच्या छत्रीखाली त्याला धरत धरत जातो. मुंबईकराइतका हा प्रसंग कोणाला कळणार? आजोबांच्या पिढीच्या काळ्या छत्र्या चाळीत दहा तरी निघतील. खऱ्या पावसात मात्र घेऊ नका. ४० सेंटिमीटरच्या फुग्यावर ०.०२ मिलिमीटरचा पाण्याचा थर बसला तरी दहा ग्रॅम वजन वाढतं आणि जुळवलेला फुगा खाली बसतो. झारीने फक्त छत्र्यांवर पाणी सोडा आणि जमीन आधी ओली करून ठेवा.

फुग्याच्या मरणाचा शॉट तुमच्याकडे फट्कन संपतो. मूळ फिल्ममध्ये बेचकीचा मार बसल्यावर फुगा हळूहळू आक्रसतो, कातडीवर सुरकुत्या येतात, मग कोणाचातरी पाय पडतो. तो वेळ बघणाऱ्याला मिळालाच पाहिजे. या शॉटला हेलियम नको, तोंडाने फुगवा, पूर्ण ताणापेक्षा कमीच. गाठीजवळ, जिथे रबर जाड असतं, कॅमेऱ्यामागच्या बाजूला चिकटपट्टीचे दोन तुकडे आडवे-उभे लावा आणि त्यांतून बारीक सुई घाला. हवा सावकाश जाते. फार ताणलेला फुगा असेल तर पट्टीसकट फुटतो. सहा फुगे राखून ठेवा. बेचकीतून खडे नकोत, कागदाचे बोळे पुरतात.

शेवटी गावातले सगळे फुगे येऊन मुलाला उचलतात. २५ किलोच्या ओंकारला तीस सेंटिमीटरचे अडीच हजार फुगे लागतील, आणि लागले नसते तरी मुलाला फुग्यांनी किंवा दोरीने उचलायचं नाही. जवळचा शॉट फक्त पायांचा घ्या. तो बुटक्या स्टुलावर उभा, स्टूल चौकटीबाहेर, टाचा वर, मग चवडे. लांबचा शॉट कागदी बाहुल्याचा. ८० ग्रॅमचा बाहुला, तोच पांढरा शर्ट, बारा-तेरा फुगे आणि खाली पक्का तंगूस, गच्चीच्या मधोमध. शॉट झाला की सगळे फुगे खाली ओढून घ्या, एकही मोकळा सोडू नका. रबराचे तुकडे समुद्रात जातात आणि मासे-पाखरं ते गिळतात.

प्रसंग जसाच्या तसा उचलण्याचं बंधन नाही. तैवानच्या हौ शाओ-शियेनने २००७ मध्ये हाच फुगा पुन्हा पॅरिसवर आणला, पण गोष्ट दिली बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका आईची आणि तिच्या मुलाची. फुगा मधूनच खिडकीशी येतो, इतकंच. तुमचा कंडक्टरचा प्रसंग असाच तुमचा स्वतःचा झालाय. बस निघून जाते, फुगा थांब्यावर रांगेत उभा राहतो. त्याला हात लावू नका.

आणि चाळीचे रुंद शॉट वाढवा. ज्या उतारावर मूळ फिल्म झाली त्यातला बराच भाग पुढे पाडला गेला. शेजारच्या बेलव्हिल वस्तीच्या त्या बाजूला १९८८ पासून बाग आहे. तिथले जुने जिने आणि गल्ल्या हलत्या चित्रात पाहायच्या तर लोक ही मुलांची फिल्म लावतात. तुमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्यात असं ताई म्हणाली. चौकाचा, जिन्याचा, सामायिक नळाचा प्रत्येकी वीस सेकंदांचा स्थिर शॉट घ्या, फुग्यासकट आणि फुग्याशिवायही. एडिटिंगमध्ये लागो न लागो, मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

नवीन कट आवाज न जोडताच आधी पाठवा. ताईला आणि भाऊजींना नमस्कार, आजीला साष्टांग. फुगा बाहेर ढकलताना तिने कॅमेऱ्याकडे बघितलंय, तेवढा एक शॉट तिच्याकडून पुन्हा घ्या.

तुमची,
वसुधामावशी