मुलीला परदेशी पाठवताय? आधी तिचे कागद तयार करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'परदेशात नर्सेस पाहिजेत' अशा जाहिराती हल्ली आपल्या अंकात वरचेवर दिसतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्या वरुड-मोर्शी भागात नर्सिंग झालेल्या मुलींच्या घरी दुसरा विषयच नाही. संत्र्याच्या भावाचा भरवसा नाही, कपाशीचं काही खरं नाही, तेव्हा पोरीनं बाहेर जाऊन चार पैसे कमवावे असं आईबापांना वाटणारच. मलाही वाटलं होतं. मी ग्रामीण रुग्णालयातून अधिपरिचारिका म्हणून निवृत्त झाले. माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग. नागपूरला एका खासगी दवाखान्यात आयसीयूत काम केलं आणि लग्नानंतर जावयांसोबत ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेली. तिच्यामुळे आम्हाला जे उशिरा कळलं, ते बाकीच्यांना वेळेत कळावं म्हणून हे लिहिते आहे.

तिच्या व्हिसावर काम करायला मनाई नव्हती. तिथे नर्सेसची टंचाईही आहे. तरी नर्स म्हणून तिला वॉर्डात पाऊल टाकता येईना, कारण व्हिसा वेगळा आणि नोंदणी वेगळी. 'आप्रा' या संस्थेकडे नाव नोंदल्याशिवाय तिथे कुणी स्वतःला नर्स म्हणवूही शकत नाही. भारतात शिकलेल्या मुलींना त्यासाठी साधारणपणे इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची नर्सिंगच्या ज्ञानाची 'एनक्लेक्स' आणि शेवटी ऑस्ट्रेलियातच, प्रत्यक्ष हाताने करून दाखवायची 'ऑस्की' परीक्षा द्यावी लागते. शिवाय गेल्या ५ वर्षांत किमान ४५० तास नर्स म्हणून काम केल्याचा हिशेब मागतात. म्हणजे कागदांत जितके दिवस जातील, तितका जुना अनुभव हातातून निसटत जातो.

दरम्यान घर चालवायचं होतं. तिने तिथला एक लहान कोर्स केला आणि वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली. ही बातमी गावात आली तेव्हा शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अवो सिस्टर, एवढी शिकलेली पोट्टी, अन् तिथं म्हाताऱ्याईचं हागणं-मुतणं काढते म्हन्ते!" मी त्यांना सांगितलं, ते तर मी नोकरीभर काढलं, त्यात कमीपणा कसला? माझं दुःख दुसरंच होतं. रात्री एका आजोबांचा श्वास बिघडला. ऑक्सिजन किती खाली आलाय, हे हिला चेहऱ्यावरून कळलं. पण मदतनिसाने औषधाला हात लावायचा नाही, नर्सला बोलवायचं, असा तिथला नियम. तिने बोलावलं. नर्स येईपर्यंत ती आजोबांना टेकवून बसवून, हात धरून उभी राहिली. व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळलेली मुलगी ती. नियम बरोबरच आहे, त्याने पेशंट सुरक्षित राहतो. पण त्या रात्री फोनवर तिचा आवाज ऐकवत नव्हता.

आता अडलं कुठे ते सांगते. ऑस्ट्रेलियातल्या परीक्षांपेक्षा आमचे इथले कागद जास्त अडले. कोणत्या विषयाचे थिअरीचे किती तास, कोणत्या वॉर्डात प्रॅक्टिकलचे किती तास, याचा तपशील कॉलेजकडून हवा होता. कॉलेजच्या बाबूंनी नुसतं 'कोर्स पूर्ण केला' असं पत्र टाइप करून हातात दिलं. ते परत आलं. दुसऱ्यात प्रसूती विभागाचे तासच राहून गेले. विदर्भातल्या नर्सिंगच्या पदवीचं विद्यापीठ नाशिकला, परिचर्या परिषद मुंबईला, मुलगी मेलबर्नला आणि धावपळ करणारी मी वरुडला. माझी निदान पेन्शन आहे आणि दवाखान्यातली भाषा मला कळते. शेतमजूर आईने हे कसं करावं?

त्यात नावाची भानगड. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. गुणपत्रिका, पदवी, परिषदेची नोंदणी सगळं माहेरच्या नावाने, आणि पासपोर्ट आम्ही हौसेने सासरच्या नावाने काढलेला. दोघी एकच आहेत हे पटवण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्र, प्रतिज्ञापत्र, अशी चळतच जमवावी लागली. पासपोर्ट माहेरच्या नावाने ठेवला तरी चालतो, लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही, हे एकाही नातेवाइकाला ठाऊक नव्हतं.

पुढे नोकरीसाठी पूर्वीच्या वरिष्ठांचा शेरा मागितला, तोही दवाखान्याच्या अधिकृत ईमेलवरून. नागपूरच्या तिच्या इन्चार्ज सिस्टर अतिशय चांगल्या, पण त्यांच्याकडे फक्त स्वतःचं जीमेल. ते चाललं नाही. तोवर त्या दवाखान्याचं व्यवस्थापनही बदललं होतं. नोकरी सोडतानाच लेटरहेडवर, तारखांसकट, तासांसकट अनुभवपत्र घेतलं असतं तर वाचलो असतो.

ऑस्कीची तयारी मात्र आम्ही मायलेकींनी फोनवर केली. त्या परीक्षेत १० टप्पे असतात आणि प्रत्येकाला मिनिटं मोजून दिलेली. मी इथे खाटेवर पेशंट होऊन पडायची, ती तिकडून बोलायची: आपलं नाव सांगायचं, पेशंटचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवायची, मनगटाची पट्टी ताडायची, ॲलर्जी विचारायची, मगच औषधाचा तक्ता उघडायचा. आमच्या वॉर्डात आम्ही पेशंटला गावावरून ओळखत होतो, 'बेनोड्याची बाळंतीण' म्हटलं की पुरे. तिच्यासोबत मीही नव्याने शिकले. ती पास झाली आणि आज मेलबर्नच्या एका रुग्णालयात नर्स आहे. एनक्लेक्सची केंद्रं भारतातही आहेत. अर्ज इथूनच सुरू करून, नागपूरचा पगार घेत-घेत ती परीक्षा देता आली असती, हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

सगळ्यांचं तिच्यासारखं निभत नाही. आमच्या नात्यातली एक सून अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली. नवरा अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणून ती एच-४ या सोबत जाणाऱ्या बायकोच्या व्हिसावर. २०१५ पासून अशा बायकांना कामाची परवानगी मिळू शकते, पण बहुतेकींच्या बाबतीत नवऱ्याच्या ग्रीनकार्डच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाल्यावरच. तो टप्पा तिच्या घरी अजून आलेला नाही. तिला बियाण्यांतलं, मातीतलं जे कळतं ते कुणी विचारत नाही. स्थळ बघताना आपण पॅकेज विचारतो, घर भाड्याचं की स्वतःचं ते विचारतो. 'आमच्या मुलीला तिथे कोणत्या व्हिसावर नेणार आणि त्यावर तिला काम करता येईल का' हे विचारायला कसला आलाय संकोच? बैठकीतच विचारा.

जर्मनीला निघालेल्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं की तिथे नर्स म्हणून पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी-२ पातळीची, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल अशी, जर्मन लागते आणि पदवीची मान्यता मिळेपर्यंत बहुतेकींना मदतनिसाच्या पगारावर राहावं लागतं. अमरावतीच्या एका एजंटाने माझ्या भाचीकडे 'गॅरंटी'चे तीन लाख मागितले. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जीएसटी सोडून ३०,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. त्याची नोंदणी आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. आधी ते बघा, मग शेत गहाण टाकायचं की नाही ते ठरवा.

केरळमध्ये 'नोर्का रूट्स' ही सरकारी संस्था 'ट्रिपल विन' योजनेतून नर्सेसना जर्मनीला पाठवते आणि मुलींकडून भरतीचे पैसे घेत नाही. आमच्या तालुक्यातल्या मुलीला मात्र अशी माहिती अजूनही एजंटच्या तोंडूनच कळते. करार झाला, चांगलं झालं. आता निदान जिल्हा सामान्य रुग्णालयात एक खिडकी उघडा, जिथे कागद तपासून मिळतील आणि कोणत्या देशाला काय लागतं ते मराठीत सांगतील. नर्सिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या निकालासोबतच तासांचा पूर्ण तपशील सही-शिक्क्याने द्यावा. वर्ग चालवले असतील तर रजिस्टर असणारच, त्यातून उतरवून द्यायला खर्च कितीसा येतो?

मुलीच्या अर्जाची सगळी फाइल माझ्याकडे आहे. तासांचा नमुना, प्रतिज्ञापत्राचा मसुदा, अनुभवपत्रात काय-काय असावं त्याची यादी. वरुड, मोर्शी, नरखेड, काटोलकडच्या कोणत्याही मुलीला हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, मी झेरॉक्स काढून देईन. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी परीक्षेनंतर नाही, आत्ताच यावं.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका
ता. वरुड, जि. अमरावती