राणीची अंत्ययात्रा जिन्यावर कुजते आहे

माननीय पुराभिलेख व पुरातत्त्व मंत्री,
गोवा सरकार, पणजी

महोदय,

पणजीतल्या एका सरकारी कचेरीच्या जिन्यावर शाईने काढलेले एक जुने चित्र टांगले आहे. खाली चिठ्ठी आहे, ‘जुनी मिरवणूक’. दाखल्यासाठी ताटकळणारे लोक त्याला कार्निव्हाल समजून मोबाईलवर फोटो काढतात! घोड्यांच्या डोक्यावर काळे तुरे, शिपायांच्या बंदुका उलट्या, मागे काळ्या कापडाने मढवलेली गाडी. कोपऱ्यातली पुसट पोर्तुगीज ओळ वाचली की उलगडा होतो: ही पोर्तुगालच्या दुसऱ्या मारिया राणीची अंत्ययात्रा.

राणी 15 नोव्हेंबर 1853 रोजी बाळंतपणात वारली, अवघ्या 34 व्या वर्षी. जन्म रिओ द जानेरोचा, दफन लिस्बनचे; गोव्यात तिचे पाऊल कधी पडले नाही. तरी 22 मार्च 1843 च्या तिच्याच फर्मानाने पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराचा दर्जा मिळाला.

वसाहतवाल्यांच्या राणीचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. कौतुक नकोच. लिस्बनमध्ये ही गाडी निघाली तेव्हा इकडे गोव्याच्या सत्तरी भागात दीपाजी राणे यांचे पोर्तुगीजांविरुद्धचे बंड पेटलेले होते. जानेवारी 1852 मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन उठलेले राणे 1855 पर्यंत सरकारला पुरून उरले. चित्राखाली हे दोन ओळींत लिहा, मराठीत आणि कोकणीत. शाळेच्या पोरांना तारखा पाठ करायला लावण्यापेक्षा ते बरे.

पण आधी चित्र टिकायला हवे. काच थेट कागदाला टेकली आहे, त्यामुळे पावसाळ्यातली ओल आतच राहते; खालच्या कडेला तपकिरी ठिपके पडलेत आणि शेवटच्या दोन घोड्यांचे पाय बुरशीने खाल्लेत. मागे लावलेला प्लायवूडही कागद पिवळा करतोय. मी लेखी अर्ज दिला. ‘ही वस्तू आमच्या यादीतच नाही,’ असे तोंडी उत्तर मिळाले. यादीत नाही म्हणजे उद्या चोरीला गेली तरी तक्रार कोण करणार?

तेव्हा विनंती अशी: चित्र आधी खात्याच्या यादीत घ्या. मग जाणकाराच्या हातून चौकटीतून काढवून आम्लरहित पुठ्ठ्यावर बसवा, काच आणि कागदात फट ठेवा आणि चांगले स्कॅन सर्वांना पाहायला खुले करा. आणि हे सगळे जूनच्या आत व्हावे. यंदाचा पाऊस त्या कागदाला झेपणार नाही.

आपला,
पणजीचा एक रहिवासी