पिशवी काढण्याची एवढी घाई कशाला?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत स्त्रियांच्या आजारांवर डॉक्टरसाहेबांनी लिहिलेला लेख वाचला. घाबरू नका, घाबरू नका म्हणत त्यांनी निम्म्या गोव्यातल्या बायकांना ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन झोपवले आहे. अंग बाहेर येत असेल, म्हणजे गर्भाशयाची पिशवी खाली उतरत असेल, तर ती काढा. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदललेल्या दिसल्या तरी पिशवीच काढा. 'मुले झाल्यावर ती ठेवून उपयोग काय?' हे वाक्य तर तुम्ही जाड टायपात चौकट करून छापलेत. त्याच पानाच्या तळाशी एका खासगी इस्पितळाची जाहिरात आहे, दुर्बिणीतून पिशवी काढून मिळेल, सवलतीच्या दरात. हा निव्वळ योगायोग असणार, असे मी सभ्यपणे धरून चालते.

चौकटीतले ते वाक्य मी समोर बसून ऐकलेले आहे. माझी जाऊ ३७ वर्षांची, दोन मुलांची आई. खाली काहीतरी ओघळल्यासारखे वाटते, संध्याकाळपर्यंत कंबर धरते, अशी तिची तक्रार होती. त्यातच पॅप तपासणीत, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काढून बघतात त्यात, त्या थोड्या बदललेल्या निघाल्या. मी तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेले होते. त्या डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा नमुना होता, आतले अवयव सुटे करता येतात तसला. बोलता बोलता त्यांनी त्यातली पिशवी दोन बोटांनी उचलली, स्टेपलरच्या बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बघा, दोन्ही त्रास एका फटक्यात गेले." पुढचा प्रश्न दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचे, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे, कार्ड आहे का, हा. पॅपनंतर दुर्बिणीने तोंड नीट बघायचे असते, तुकडा काढून तपासायचा असतो, यातले अक्षरही नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी तर निकालच दिला, "काडून उडय गो एकदांची!"

आम्ही दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सौम्य आम्ल लावून कॉल्पोस्कोपी, म्हणजे तीच दुर्बिणीची तपासणी, केली, पांढरा पडलेला भाग जावेला पडद्यावर दाखवला आणि त्याचा तुकडा तपासायला पाठवला. सीआयएन २ आले, म्हणजे कर्करोगाआधीचे मधल्या पायरीचे बदल. विजेच्या तापलेल्या तारेने तेवढाच बिघडलेला भाग कापून काढला, लीप म्हणतात त्याला. जागेवर सुई देऊन झाले, संध्याकाळी जाऊ घरी. ठरल्या मुदतीला येऊन तपासून घ्यायचे, ते चुकवायचे नाही, एवढे मात्र बजावून सांगितले. ओघळण्यासाठी आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले आणि आत बसवायची, पिशवीला आधार देणारी सिलिकॉनची रिंग. रिंगच्या नावाने जावेने पहिल्यांदा नाक मुरडले. आता ती धुऊन स्वतःच बसवते आणि काजूच्या दिवसांत बागायतीत वाकून कामही करते.

डॉक्टरसाहेबांनी ज्यांचा उल्लेखच केला नाही ते हे सगळे उपाय. सीआयएन १ ही सौम्य पायरी तर बहुतेक बायकांत आपोआप मागे हटते, त्यावर नुसती नजर ठेवतात. आणि पिशवी काढली तरी हे बदल घडवणारा एचपीव्ही विषाणू काही तिच्याबरोबर भांड्यात पडत नाही. गंभीर बदलांसाठी पिशवी काढलेल्या बाईलाही पुढे योनीच्या वरच्या टोकाची तपासणी करत राहावे लागते. अंग बाहेर येते त्यात पिशवीचा दोष नसतो, तिला धरून ठेवणारे बंध आणि स्नायू सैल पडलेले असतात. चवथीला गणपतीवर फळे टांगतात त्या माटोळीची दोरी सैल झाली म्हणून कोणी नारळ फेकून देत नाही. पिशवी गेल्यावरही बंध सैलच राहिले तर योनीचा वरचा भाग खाली उतरतो, आणि मग पुन्हा ऑपरेशन. अंडाशये ठेवूनसुद्धा पाळी जाण्याचा काळ अलीकडे येऊ शकतो, हेही त्या जाड टायपात बसले असते.

सगळ्यात जास्त राग आला तो वेगळ्याच कारणाने. आम्ही बोरीचे. शेजारच्या शिरोड्यात (मिठाच्या सत्याग्रहाचे नव्हे, कामाक्षीचे) १८९९ साली डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जन्मले. गर्भपात टाळण्यासाठी पिशवीच्या तोंडाला घालतात तो शिरोडकर टाका जगभर त्यांच्याच नावाने चालतो. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच शिरोडकरांनी अंग बाहेर येण्यावर पिशवी जागेवर ठेवून ती पट्टीने मागच्या हाडाला बांधून घेण्याची शस्त्रक्रिया बसवली. मुंबईच्या पुरंदऱ्यांनी ती पुढे पोटाच्या भिंतीला बांधली. लांबलेले तोंड कापून, बंध आवळून पिशवी राखणारी मँचेस्टर शस्त्रक्रिया तर शंभर वर्षांहून जुनी. आणि गोव्याच्या दैनिकात, गोव्याच्याच डॉक्टरांच्या लेखात शिरोडकरांचे नाव एकदाही नाही! जागा कमी पडली म्हणावे, तर त्याच पुरवणीत राशिभविष्याला अख्खे पान दिले आहे.

पिशवी कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. कर्करोग असेल, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल, उतारवयात अंग पूर्ण बाहेर आले असेल, तर काढावी लागते. पण ३७ वर्षांच्या बाईला पहिल्याच भेटीत? बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, हे २०१९ साली तुम्हीच पहिल्या पानावर छापले होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाकारण पिशव्या काढण्याच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे राज्यांना बजावले. आपल्याकडे त्यांचे काय झाले, हे तुमच्या वार्ताहराने पणजीत जाऊन विचारले तर लेखापेक्षा जास्त उपयोग होईल. आणि लेखाचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे पिशवी राखण्याचे उपाय, पुढच्या रविवारी छापावा. खाली जाहिरात नसली तरी चालेल.

जाता जाता आणखी एक. गेल्या आठवड्यात आमच्या जत्रेतल्या नाटकाची वेळ तुम्ही रात्री ११ छापलीत. पडदा साडेनऊलाच वर गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा दुसरा अंक संपत आलेला, आणि त्याबद्दलचा खुलासा अजून वाचायला मिळालेला नाही.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, बोरी, फोंडा
(नाव छापू नये. जावेची तशी ताकीद आहे.)