ध्यानाचाही जीपीएस फोटो लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या खान्देशातल्या कॉलेजांत माइंडफुलनेसच्या, म्हणजे ध्यानाच्या, वर्कशॉपचा नुसता सुकाळ आहे. सेमिनार हॉलमध्ये दीड तास, मागे बॅनर, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, शेवटी फीडबॅकची लिंक आणि ती भरली की ई-सर्टिफिकेट. मध्यंतरी अशाच एका कार्यक्रमात पाहुणे सांगताहेत डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, पोरंपोरी खरंच शांत बसलेली, आणि तेवढ्यात आमचे एक सर मोबाइल घेऊन पुढे आले, "मागच्यांनी जरा पुढे सरका रे, फोटोत हॉल भरलेला दिसला पाहिजे." कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला तारीख-वेळ-लोकेशनवाला फोटो लागतो ना! त्यांना तरी काय बोलणार, रात्री जागून अहवाल त्यांनाच लिहायचा होता.

ध्यानाला माझा विरोध अजिबात नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात हे सुरू केलं तो कोर्स आठ आठवड्यांचा, शिवाय घरी रोज पाऊण तास सराव. आणि आपल्या इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेल्यांना विचारा, दहा दिवस, मोबाइल जमा, पहाटे चारला घंटा, पहिले तीन दिवस तर फक्त श्वासच बघायचा. दोन्हीकडे आधी वेळ मोजून घेतात, मग बाकीचं. आमच्याकडे वेळ सोडून सगळं मिळतं.

तासिका तत्त्वावरच्या माणसाला पैसे तासाचे मिळतात, पण एक्यूएआरची, म्हणजे नॅकला दरवर्षी द्यायच्या अहवालाची, माहिती, इंटर्नलचे मार्क ऑनलाइन भरणं, रात्री अकराला ग्रुपवर येणारं "अर्जंट, उद्या सकाळी दहापर्यंत" हे सगळं फुकटात. त्यात पीएचडी चालू असेल तर विचारूच नका. थिसिस जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत काढली, तरी घाई काही गेली नाही, कारण नोकरीच्या इंटरव्ह्यूला पेपर मोजतातच, मग पैसे भरून कुठेतरी छापायचे, वाचत कोणीच नाही, लिहिणाऱ्याने तरी नीट वाचलेला असतो का देव जाणे. पोरांचं तर याहून अवघड. सातपुड्याच्या पायथ्याची पोरं पहिल्या एसटीने येतात, संध्याकाळी घरी गेली की गुरांचं बघायचं, आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा नेमकी कापूस वेचणीच्या तोंडावर. एक जण मला म्हणाला, सर झोप पुरली तरी खूप झालं, ध्यानाचं नंतर बघू.

याच खान्देशात अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, आज ते प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखतात. तिथे तेव्हा अभ्यासकांना राहायला जागा आणि वर विद्यावेतन, काम काय तर वाचा, चर्चा करा, विचार करा. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथेच, शाळेत शिक्षक नंतर झाले. प्रतापशेठजी म्हणजे कापडाची गिरणी चालवणारा माणूस, रोज किती माल निघाला हे बघणंच ज्याचा धंदा, त्याला कळत होतं की विचार करणाऱ्याला मोकळा वेळ द्यावा लागतो आणि त्याचे पैसेही द्यावे लागतात!

माझी मागणी साधी आहे. वर्कशॉप कमी करा आणि आठवड्यातली एक दुपार मोकळी ठेवा, मीटिंग नको, पोर्टल नको, ज्याला वाचायचं त्याने वाचावं, ज्याला डोळे मिटून बसायचं त्याने बसावं, झोपला तरी चालेल. आणि परीक्षेचं वेळापत्रक लावताना विद्यापीठाने वेचणीचे दिवस एकदा तरी विचारात घ्यावेत, त्यासाठी कुठली समिती नेमायची गरज नाही, कुठल्याही शिपायाला विचारलं तरी तो तारखा सांगेल.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक,
जळगाव जिल्हा