कुऱ्हाड उचलण्याआधी जमीन उकरून बघा

संपादक महोदय,
नमस्कार.

शेजारच्या झाडाच्या मुळांनी कंपाउंड वॉलला तडा गेला, पार्किंगची फरशी उचलली, ड्रेनेज तुंबलं की लगेच भांडण पेटतं आणि दोन घरांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद होतं, पण हे खरंच मुळांमुळे झालंय का ते कोणी उकरून बघतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता ड्रेनेजचंच घ्या. मुळं सहसा धडधाकट पाइप फोडून आत शिरत नाहीत, जॉइंट आधीच लीक होत असतो, तिथली ओल धरून बारीक तंतुमुळं आत जातात आणि मग त्यांचा गुंता होऊन पाणी तुंबतं. म्हणजे नुसतं झाड तोडून भागणार नाही, पाइप दुरुस्त करावाच लागणार. भिंतीचं वेगळं आहे, जाड होत जाणारं मूळ कच्च्या पायाची भिंत खरंच ढकलतं. चिकणमाती असेल तर अजून एक भानगड, कोरड्या दिवसांत झाड पाणी ओढतं, माती आकसते, पाया खचतो आणि घराला तिरकी भेग पडते. आणि असं मोठं झाड एकदम तोडलं की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो, हे तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सगळ्यात राग येतो तो रात्री गुपचूप मुळं तोडणाऱ्यांचा नाहीतर बुंध्यात अ‍ॅसिड ओतणाऱ्यांचा. अहो, खोडाजवळची जाड मुळं कापली की झाडाचा आधारच जातो, पुढच्या वादळात ते कोणाच्या छपरावर पडेल सांगता येतं का?

झाडवाल्यांनीही हात झटकू नयेत. ब्रिटनमध्ये 2001 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) रस्त्याकडेच्या एका झाडाच्या केसमध्ये लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलला (तिथल्या पालिकेला) बिल्डिंगच्या दुरुस्तीचा खर्च द्यायला लावला, कारण कळवूनही कौन्सिलने झाड काढलं नव्हतं. म्हणून ज्याचं नुकसान झालंय त्याने आधी फोटो काढून लेखी कळवावं, दोघांनी समोरासमोर उभं राहून उकरून बघावं, मूळ सापडलं तर झाडांच्या जाणकाराला विचारून कुठलं कापायचं ते ठरवावं, परवानगी लागत असेल तर काढावी, जमत असेल तिथे रूट बॅरियर, म्हणजे मुळं अडवणारा जमिनीतला आडोसा, घालावा. खर्च कोणी किती द्यायचा ते त्यानंतर बोला, आधी नको.

आपला,
एक वाचक