तक्ता कानाला कळला, त्याबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या हळद-बेदाण्याच्या भावांचा वेबपानावरचा तक्ता तुम्ही नव्याने बांधलात, त्याबद्दल आम्हा स्क्रीन रीडरवाल्यांकडून, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचणाऱ्यांकडून, मनापासून आभार. डोळ्यांनी पाहणाऱ्याला जुन्या-नव्यात फारसा फरक दिसणार नाही. म्हणूनच तुम्ही काय केलंत ते इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला तक्ता करायचा असेल तर कामी येईल.

जुन्या तक्त्यातले मथळे म्हणजे नुसती ठळक केलेली ‘टीडी’ची, म्हणजे वेबपानाच्या कोडमधली साधी, घरं होती. ठळकपणा कानाला कळत नाही. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये टी दाबून तक्त्यावर जायचं, कंट्रोल-ऑल्ट धरून बाणांनी घरं फिरायची, आणि हाती काय, तर कोरडा आकडा. किमान की कमाल, हळद की गूळ, पत्ता नाही. तुम्ही वरच्या ओळीला ‘टीएच’ (मथळ्याचं घर) आणि ‘स्कोप कॉल’ (हा मथळा खालच्या रकान्याचा) दिलंत, मालाच्या नावाला ‘टीएच’ आणि ‘स्कोप रो’ (हा मथळा आडव्या ओळीचा). आता उजवीकडे सरकलं की आधी ‘सर्वसाधारण दर’ ऐकू येतं, मग आकडा. खाली उतरलं की ‘राजापुरी हळद’, मग आकडा.

खरी मेख अनुक्रमांकात होती. पहिला रकाना म्हणून बरेच जण ‘स्कोप रो’ त्यालाच लावतात, मग खाली उतरताना तीन, चार, पाच एवढंच कळतं. तुम्ही तो रकानाच काढून टाकलात. कुणाचं काही अडलं नाही!

‘दर’ हा एक मथळा तीन रकान्यांवर पसरलेला आणि त्याखाली किमान, कमाल, सर्वसाधारण, असा दुमजली कारभार होता. तो मोडून तुम्ही प्रत्येक रकान्यावर ‘किमान दर’ असं पूर्ण लिहिलंत. मथळ्याला आयडी, म्हणजे ओळखीचं नाव, देऊन आणि ते घराच्या ‘हेडर्स’मध्ये जोडून दुमजली मथळाही वाचता येतो, पण तिथे घरागणिक जोडणी करावी लागते आणि नवा रकाना घुसला की सगळं पुन्हा तपासा. ‘बेदाणा’ हे तीन ओळींवर ताणलेलं घरही गेलं. आता ‘हिरवा बेदाणा’, ‘पिवळा बेदाणा’, ‘काळा बेदाणा’ अशी सुटी नावं आहेत. शिवाय हळद क्विंटलवर आणि बेदाणा किलोवर, म्हणून एककाचा वेगळा रकाना. तो नसता तर ऐकणाऱ्याची चांगलीच फसगत झाली असती.

आवक नसली की तिथे नुसती आडवी रेघ असायची. विरामचिन्हं वाचायची पातळी कमी ठेवली असेल तर ती रेघ गिळली जाते आणि घर रिकामं वाटतं. ‘आवक नाही’ हे दोन शब्द पुरले. तारीख ‘कॅप्शन’मध्ये, म्हणजे तक्त्याच्या शीर्षकात, घेतलीत, त्यामुळे तक्त्यावर पोचताच भाव आजचा की कालचा ते कळतं. पानाला ‘लँग एमआर’ (भाषा मराठी) दिल्यामुळे मराठी आवाज बसवलेला असेल तर स्क्रीन रीडर आपसूक त्यावर जातो.

मोबाइलसाठी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, तक्त्याला ‘डिस्प्ले ब्लॉक’ करायचा मोह टाळलात, हे विशेष. तसं केलं की काही ब्राउझरमध्ये तक्ता तक्ता राहत नाही, बाण चालेनासे होतात. तुम्ही तक्त्याबाहेरच्या डिव्हला, म्हणजे चौकटीला, आडवं सरकणं दिलंत आणि ‘टॅबइंडेक्स’ शून्य ठेवलंत, म्हणजे टॅब दाबून तिथे पोचता येतं आणि तक्ता कीबोर्डनेही सरकतो.

एकच राहिलंय: महिन्याचा गोषवारा अजून स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात चढतो. त्याचाही असाच तक्ता करा. तपासून द्यायला आम्ही आहोत.

आपले,
भाव कानांनी वाचणारे सांगलीकर