एक, अक्षरी

मा. निवडणूक निर्णय अधिकारी महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासाठी मी मतदान केलं आणि माझं मत बाद झालं. मत गुप्त असतं, मान्य. पण माझ्या हातानं काय लिहिलं ते मला माहीत आहे ना! उमेदवाराच्या नावापुढं पसंतीक्रम लिहायचा असतो, तिथं मी ‘एक’ लिहिलं. अक्षरी. बाहेर एका उमेदवाराच्या टेबलावर शेजारचा पोरगा बसला होता, त्याला सांगितलं. तो हसला. “काका, गेलं की मत! आकडाच लागतो.”

साहेब, मी ३१ वर्षं बँकेत रोखपाल होतो. आकड्याचा भरवसा नाही, पुढं एक शून्य काढलं की एकाचे दहा होतात. म्हणून चेकवर अक्षरी लिहायचं. अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी धरा, असं १८८१ सालचा कायदा सांगतो. इंग्रजांना कळलं होतं. बँकेत ज्यानं कागद पक्का होतो, त्यानंच तो तुमच्याकडं रद्दी होतो.

गेल्या खेपेला मी स्वतः येऊन सांगितलं होतं की नमुना मतपत्रिका मोठी करून आत लावा. “टिपून घेतलंय काका,” असं उत्तर मिळालं. यंदा सूचना होती, उघड्या दाराच्या मागं. दोन तास रांगेत, गुडघा सुजलेला, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. हातात टॉवेलाएवढी मतपत्रिका, चिन्ह एकही नाही, आणि टोक बसलेलं ते जांभळं स्केचपेन. दुसरं पेन चालत नाही म्हणे!

विधानसभेला बटण दाबलं की बीप वाजतं, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. त्या मशीनला कोणी कितीही शिव्या घालो, अक्षरी लिहिलं म्हणून ते मत फेकत नाही. इथं पदवीधरांची परीक्षा, आणि पेपर तपासून परत मिळत नाही.

मी एकटाच बावळट आहे का? २०२३ ला अमरावती पदवीधरला आठ हजारांवर मतं बाद झाली, विजयाच्या अंतराच्या दुपटीहून जास्त. राष्ट्रपतिपदालाही हीच पसंतीक्रमाची पद्धत. तिथं २०२२ ला १५ खासदारांची मतं बाद! कायदे करणाऱ्यांना जमेना, तिथं रोखपालाची काय कथा.

आणखी एक. यादी दर खेपेला नव्यानं करता. म्हणजे ६९ व्या वर्षी मी पुन्हा सिद्ध करायचं की १९७७ साली बी. कॉम. झालो. पदवी काय दुधाची पिशवी आहे, तारीख उलटली की नासायला? फॉर्म भरून घ्यायला मात्र पक्षांची पोरं बरोब्बर दारात हजर. परिषदेच्या ७८ पैकी पदवीधरांच्या जागा ७, आणि निवडून आलेला माणूस सहा वर्षं दिसत नाही. शिकलेल्यांचा प्रतिनिधी म्हणे! माझा नातू एम. एस्सी. होऊन डिलिव्हरी करतो, त्यावर त्या सभागृहात कोण बोललं?

असो. रागात विषय भरकटला. मागणी एवढीच: किती मतं कशानं बाद झाली, कारणवार आकडे केंद्राबाहेर लावा. अक्षरी ‘एक’ किती होते ते तरी कळू दे. आणि ती सूचना दारापुढं आणा. त्याला तरी आयोगाची परवानगी लागत नसावी.

आपला,
एक (अंकी १) मतदार